गाडीतल्या मित्राचं नाव

अजमान
६ जुलै

प्रिय वेद,

तुझं पत्र काल मिळालं. तुमच्या तुरुंगातून निघायलाच त्याला महिना लागलेला दिसतो. पाकिटावर शिक्का आहे, परकी भाषा, तपासणीसाठी थांबवलं. तिथे मराठी वाचणारा कोण अधिकारी बसलाय देव जाणे. असेल तर त्याला माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, जरा हात चालव बाबा. इंग्रजीत लिही म्हणतोस, ते मला जमायचं नाही. इंग्रजीत मी आयुष्यभर अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांची कोटेशनं लिहिली. मुलाला पत्र लिहायला घेतलं तरी हात 'काइंडली रेफर' कडेच वळतो.

पत्ता का बदलला विचारतोस. ऑफिसने पोस्टाचा बॉक्स बंद केला, एवढंच. इथे घरी टपाल येत नाही हे तू विसरला नसशील. आता बॉक्स हमदुल्लाभाईंचा. रत्नागिरीकडचे आहेत, इथे अजमानला पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. भला माणूस. माझी त्यांच्याकडे ये-जा असते, म्हणून पत्रं इथे येतात. काळजीचं काही नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या राज्यात नोव्हेंबरात अ‍ॅटर्नी जनरलची निवडणूक आहे, हे मला परवा कळलं. सरकारच्या सगळ्यात मोठ्या वकिलाला लोक रांगेत उभं राहून मतं देतात ही गोष्टच माझ्या डोक्यात कधी शिरली नव्हती. आपल्याकडे सरकार नेमतं, आणि इथे आपण विचारतच नाही. हमदुल्लाभाईंना सांगितलं तर म्हणाले, "उपेंद्रभाऊ, मग तो वकील खटला बघंल का मतं बघंल?" मी म्हटलं, तेच तर बघायचंय.

कारण शिक्षा कमी करणाऱ्या त्या माफी मंडळावर तिघंच असतात. गव्हर्नर, सरन्यायाधीश आणि हा अ‍ॅटर्नी जनरल. तिघांचंही हो हवं. आत्ताचे साहेब निवडून आल्यापासून प्रत्येकाला नाही म्हणतायत. गेल्या दिवाळीत तूच लिहिलं होतंस, "हे साहेब आहेत तोवर अर्जाचं काही होत नाही." ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय. आणि आता त्यांच्यासमोर एक बाई उभ्या आहेत, त्या जाहीर सांगतायत की प्रत्येक अर्ज स्वतः वाचीन. स्वतः! मला तर रडूच आलं.

तेव्हा मी ठरवलंय. तुमच्या राज्यातल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकात सभासदांचे नंबर छापलेले आहेत. मी एकेकाला फोन करणार. इथे बसून दुसरं काय करू शकतो मी? तुझी शिक्षा चौदा वर्षांची, सहा झाली. उरलेली आठ मी नुसती बघत बसू का?

आई बरी आहे. गुडघे दुखतात, दोघांचेही.

तुझा,
बाबा


२९ जुलै

प्रिय बाबा,

प्लीज फोन करू नका.

एक म्हणजे, परदेशात बसून इथल्या इलेक्शनमध्ये पडणं कायद्यात बसतं का ते तुम्हाला माहीत आहे का? अ‍ॅटर्नी जनरलच्याच निवडणुकीत बेकायदा काम करणारा पहिला माणूस माझा बाप निघायला नको. दुसरं म्हणजे मंडळातल्या लोकांना मी आठवतो. त्या रात्री मी त्यांच्याच दिवाळी पार्टीतून निघालो होतो. कोणी काका "वेद, गाडी नको चालवू" म्हणालेही होते. मी हसलो होतो. तुम्ही फोन करणार त्यातले अर्धे लोक त्या हॉलमध्ये होते, बाबा. आणि जो गेला त्याच्या घरचेही त्याच अंकात आहेत.

इथे टीव्हीवर साहेबांची जाहिरात दिवसभर लागते. ते काळ्या कोटात चालत येतात आणि म्हणतात, मी एकालाही सोडलं नाही. आमच्या तुरुंगाच्या हॉलमध्ये सगळे बसून बघतात. मग कोणीतरी चॅनल बदलतो. बाईंची जाहिरात अजून एकदाच दिसली. त्यांच्याकडे पैसे कमी असावेत.

मी लॉन्ड्रीत आहे अजून. गरम असतं, पण ऑगस्टमधल्या शारजाच्या बस स्टॉपपेक्षा बरं.

तुम्ही पत्रावर वर अजमान लिहिता. ये-जा असलेला माणूस पत्र तिथे बसून लिहितो का? खलिफा सिटीचं आपलं घर आहे ना? खरं सांगा.

आणि आई का लिहीत नाही? सहा वर्षांत तिचं एक अक्षर नाही. फोनवर पाच मिनिटं मिळतात, त्यात ती जेवलास का विचारते आणि तुमच्याकडे देते. दुबईतल्या ऊद मेथाला दर शनिवारी मला मराठीच्या क्लासला ओढत नेणारी तीच होती. आता मी काना-मात्रा बरोबर लिहितो, तर ती वाचून काहीच म्हणत नाही.

वेद


अजमान
२२ ऑगस्ट

प्रिय वेद,

बरं बाबा, पकडलंस. खलिफा सिटीचं घर फेब्रुवारीत सोडलं. कंपनीने 'थँक यू उपेंद्र' लिहिलेला केक कापला आणि खलास. आता अजमानला एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात. हमदुल्लाभाईंच्या भाचीच्या नवऱ्याचं, नोमानचं, खिडक्यांचं वर्कशॉप आहे. तिथे मोजमापं काढतो, म्हणून व्हिसा आहे. हे तुला सांगायचं नव्हतं. झालं आता. आई मुलांना गणित शिकवते. मुलं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतात आणि ती चिडते, म्हणजे सगळं पूर्वीसारखंच आहे.

आपण इथेच टिकून आहोत ते तुझ्यासाठी. तू सुटलास की कुठे येणार? तुझं सगळं लहानपण इथलं. तुला घर नको का?

कायद्याचं विचारलंस. मी बाईंच्या ऑफिसला ईमेल करून विचारलं. पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचे नाहीत, फुकट राबायचं असेल तर हरकत नाही, असं उत्तर आलं. फुकट राबण्यात माझा हात कोण धरणार?

तेव्हा संध्याकाळी दुकानात मागच्या बाजूला बसतो, पडद्याच्या कापडाच्या ठाणांमध्ये. तेव्हा तुमच्याकडे सकाळ असते. हव्वाबी, म्हणजे हमदुल्लाभाईंची बायको, वर चहा पाठवते. आणि लोक! अरे काय सांगू. एका गृहस्थांनी दुबईचा नंबर बघून सांगितलं, "ओटीपी मिळणार नाही," आणि फोन आपटला. एका बाईंनी सोन्याचा भाव विचारला, मग दिरहॅमचे रुपये आणि रुपयांचे डॉलर माझ्याकडूनच करून घेतले आणि म्हणाल्या, आम्ही सिटिझन नाही हो. एकाने मूळचे कुठले, आडनाव काय, कुठल्या शाळेत, सगळं विचारलं, आमची लांबची सोयरीक निघाली, आणि शेवटी कळलं की तो साहेबांचा माणूस. चोरांना सोडू नये म्हणतो. मी म्हटलं, माझा मुलगा चोर नाही. तो म्हणाला, मग कोण आहे? मी फोन ठेवला.

पण खरी अडचण वेगळीच आहे. बहुतेक लोक कोणाच्याच बाजूचे नाहीत. मतपत्रिका लांबलचक असते म्हणे, वरची दोन मोठी नावं भरायची आणि खालचं कोरं सोडून घरी जायचं. अ‍ॅटर्नी जनरल कोण असतो हेच ठाऊक नसतं त्यांना! तीस-तीस वर्षं तिथे राहून! मला इथे मत नाही, भारतात यादीतून नाव कधीच उडालं, आणि ज्यांच्या हातात मत आहे ते खालपर्यंत वाचतसुद्धा नाहीत. मग मी सगळ्यांना एकच सांगतो. कागद शेवटपर्यंत भरा. माझा मुलगा आत आहे. तरुण वयात एक चूक झाली, अपघात झाला, गाडीतला मित्र दगावला. त्याचा अर्ज तिथे पडून आहे, तो वाचणारं कोणीतरी हवं. एवढं सांगेपर्यंत घसा कोरडा पडतो.

त्यांच्या घरचा नंबर मी गाळलाय. तेवढी अक्कल आहे मला.

आईला तुझं पत्र दाखवलं. तिने दोनदा वाचलं आणि भाजी चिरायला गेली.

तुझा,
बाबा


१४ सप्टेंबर

प्रिय बाबा,

केकचं वाचून खूप वाईट वाटलं. चॉकलेटचा तरी होता का? त्या कंपनीसाठी तुम्ही माझ्या अ‍ॅन्युअल डेला कधी आला नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला कोणीतरी सांगायला हवी होती, म्हणून मीच सांगतो. मी सुटलो तरी अजमानला येणार नाही. इथून मला सरळ एअरपोर्टवर नेतील आणि माझ्या पासपोर्टावर जो देश आहे तिथे पाठवतील. म्हणजे भारतात. अशा केसनंतर यूएई मला व्हिसा देणार नाही, आणि एवढ्या मोठ्या मुलाला तुम्ही स्पॉन्सरही करू शकत नाही. मी भारतात उन्हाळ्याच्या सुट्टीपलीकडे कधी राहिलेलो नाही, पण तिथेच जाणार आहे. तेव्हा माझ्यासाठी तिथे टिकून राहू नका. एसी बघत बसू नका. परत जा.

आणि फोन बंद करा. तुम्ही दमलाय. तुमचं अक्षर खाली उतरायला लागलंय, ओळ सरळ राहत नाही. मी इथे ठीक आहे. खरंच ठीक आहे. बाई निवडून आल्या तरी लगेच काही होतं असं नसतं. तुम्ही फार आशा लावून बसू नका.

वेद


अजमान
११ ऑक्टोबर

वेद,

हे पत्र आईला दाखवलेलं नाही.

गेल्या शनिवारी नेहमीसारखा बसलो होतो. यादीत 'अ'पासून सुरुवात केली होती, आता 'र'पर्यंत आलो होतो. रेगे म्हणून एक नाव होतं, डॉक्टर बाई. फोन उचलला, गोड आवाज. मी माझं नेहमीचं सुरू केलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, म्हणून मी जास्तच बोललो. माझा मुलगा, एक चूक, अपघात, गाडीतला मित्र दगावला, असं सगळं.

त्या म्हणाल्या, "काका, त्या मित्राचं नाव काय होतं?"

वेद, मी एवढ्या लोकांशी बोललो. कोणी हे विचारलं नव्हतं. आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. तुला लिहितानासुद्धा मी ते नाव लिहीत नाही, आत्ता लक्षात आलं. मी म्हटलं, "परेश."

त्या म्हणाल्या, "हो. मी त्याची बहीण. अस्मी. रेगे हे लग्नानंतरचं नाव."

मी मागच्या ठाणाला टेकलो. हमदुल्लाभाई धावत आले, त्यांना वाटलं मला काही झालं. मी कान धरून माफी मागितली, फोनवर कोण बघतंय ते? मला वाटलं, ही आता ओरडेल. ओरडायला हवं होतं तिने. ती म्हणाली, "माफी नको, काका. तुम्ही पुढचे फोनही करा. फक्त नाव घेऊन करा. 'गाडीतला मित्र' नाही. परेश." मी हो म्हटलं. मी म्हटलं, तुमचं मत मागायचा मला हक्क नाही. ती म्हणाली, ते मी अजून ठरवलेलं नाही.

मग मी मूर्खासारखं म्हणालो, "वेदचा अर्ज तिथे पडून आहे, पोरी, एवढंच वाटतं की कोणीतरी तो वाचावा."

तर ती म्हणाली, "कुठला अर्ज, काका? अर्ज केला की माफी मंडळ आधी आम्हाला कळवतं. आईबाबांना सुनावणीला बोलावतात. तसा नियम आहे. आमच्याकडे काहीच आलेलं नाही. कधीच नाही. आई दर वर्षी वाट बघते."

आता तू सांग. अर्ज आहे का नाही? मला गोलगोल उत्तर नको.

फोन मी चालू ठेवलेत. तिने सांगितलं म्हणून नाव घेऊन करतो. आता लोक लवकर ठेवतात. "परेश" म्हटलं की ज्यांना आठवतं ते तर लगेचच. एक म्हातारे मात्र रडले. मी पण रडलो. आम्ही दोघं फोनवर बसलो होतो, अमेरिका आणि अजमान.

बाबा


९ नोव्हेंबर

प्रिय बाबा,

तुमचं पत्र निकालाच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. साहेब जिंकले. थोड्या मतांनी, पण जिंकले. अजून चार वर्षं. तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. आमच्या लॉन्ड्रीत ज्याची सुनावणी जानेवारीत आहे तो माणूस कपड्यांच्या घड्या घालत राहिला, मी त्याच्या शेजारी उभा होतो.

नाही, बाबा. अर्ज नव्हता.

मी अर्ज केला असं मी कुठेच लिहिलेलं नाही. मी लिहिलं, साहेब आहेत तोवर अर्जाचं काही होत नाही. तुम्ही ते तसं वाचलंत, आणि मी तुम्हाला तसं वाचू दिलं. तुम्हाला काहीतरी धरून बसायला हवं होतं. आणि मला साहेब बरे पडत होते. साहेब आहेत तोवर मला कोणी विचारणार नव्हतं.

अर्ज केला की त्यांना कळवतात, हे मला माहीत होतं. म्हणूनच केला नाही. मी इथे शिकायला आल्यावर परेशच्या आईने मला दोन वर्षं स्वतःच्या घरी जेवायला घातलंय. रविवारी मी जायचो, ती माझ्यासाठी वेगळी कमी तिखट आमटी करायची, परेश चिडवायचा, "हा गल्फचा नवाब." त्या बाईला पत्र जाणार की वेदला घरी जायचंय, तुमचं काय म्हणणं आहे? मी तिच्यासमोर उभा राहून सांगणार की माझी सहा वर्षं झाली, पुरे झाली? कुठल्या तोंडाने? कोर्टात वकिलाने मला तिच्याकडे बघूसुद्धा दिलं नव्हतं. एक शब्द बोलायचा नाही, केस बिघडेल. मी बोललो नाही. आणि मग ते न बोलणं सोपं होत गेलं.

तुम्ही लिहिलंत की ती दर वर्षी वाट बघते. हे मला माहीत नव्हतं, बाबा. मला वाटायचं मी तिला त्रास देत नाहीये.

तुमचं पत्र वाचल्यावर चार दिवस जेवण गेलं नाही. काल मी अर्ज दिला. साहेब नाही म्हणणार हे लिहून घ्या. बाई आल्या असत्या तर मी केला असता का, मला सांगता येत नाही. तेव्हा सगळ्यांना वाटलं असतं की हा सुटायला आलाय. आता तसं कोणाला वाटणार नाही.

तुमचे सगळे फोन वाया घालवले मी. रागवा.

वेद


अजमान
३० नोव्हेंबर

वेद,

रागावणारच होतो. दोन पत्रं लिहून फाडली. एकात तुला नालायक म्हटलं होतं, दुसऱ्यात जरा जास्तच. मग बसून विचार केला की मी तरी काय वेगळं केलं? फेब्रुवारीत घर सोडलं आणि तुला जुलैत सांगितलं की ऑफिसने बॉक्स बंद केला. आपण दोघं एकमेकांना सांभाळत बसलो आणि तिकडे एक बाई वाट बघत बसली.

दमलोय रे मी. निकालाच्या दिवशी दुकानात हमदुल्लाभाईंच्या मोबाइलवर आकडे बघत होतो. सुरुवातीला बाई पुढे होत्या. हव्वाबीने शिरा करून पाठवला. मग एकेक जिल्हा येत गेला आणि शिरा तसाच राहिला. हमदुल्लाभाई म्हणाले, "उपेंद्रभाऊ, पुढल्या वेळेला." मी म्हटलं, इन्शाल्ला. पण पुढच्या वेळेला मी अडुसष्टचा असेन, आणि फोन करायला माझ्याकडे घसा उरणार नाही.

फोन वाया गेले म्हणतोस. असतील. पण शेवटच्या दिवसांत मी मतासाठी करत नव्हतो, मला वाटतं. नाव घ्यायला करत होतो.

आईला आता सगळं सांगितलंय. तुझंही आणि माझंही. तिने मला विचारलं, "त्या मुलीचा नंबर आहे का?" मी दिला. ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. त्या एवढ्याशा घरात ते दार कधी लावलेलं मी पाहिलेलं नाही.

पुढचं ती लिहील म्हणते.

बाबा


अजमान
१८ जानेवारी

प्रिय वेद,

मी कधी लिहिलं नाही, कारण प्रत्येक वेळी कागद घेतला की पहिलं वाक्य परेशच्या आईचंच यायचं. माझा मुलगा पत्राचं उत्तर देणार आहे आणि तिचा नाही, मग मी काय लिहू? 'जेवलास का' एवढंच विचारायची लाज वाटत नव्हती, म्हणून तेच विचारत राहिले. तू काना-मात्रा बरोबर लिहितोस. मी पाहिलंय. प्रत्येक पत्र पाहिलंय.

अस्मीशी मी तेव्हापासून चार-पाच वेळा बोलले. पहिल्यांदा ती औपचारिक बोलली, मीही. दुसऱ्यांदा तिने मला हेमाकाकू म्हटलं. डिसेंबरात त्यांना माफी मंडळाचा कागद आला. अर्जाची प्रतही त्यांना देतात म्हणे. तुझ्या अर्जाची पहिली ओळ परेशच्या नावाने सुरू होते, असं तिने मला वाचून दाखवलं. बाबांना मी सांगितलं, तर ते बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

सुनावणी मार्चमध्ये आहे. परेशचे बाबा येणार नाहीत. ते म्हणाले, मला त्या मुलाचं तोंड बघायचं नाही, आणि त्यांना तसं म्हणायचा पूर्ण अधिकार आहे. तू ते मनाला लावून घेऊ नकोस आणि घेतलंस तरी चालेल. पण त्याची आई येणार आहे. मी अस्मीला विचारलं, काय बोलतील त्या? माफ करणार? ती म्हणाली, नाही काकू, तसं काही नाही. आईला फक्त एक विचारायचंय. परेश गाडीत शेवटी काय बोलत होता? कसल्या मूडमध्ये होता? भांडत होता का, हसत होता का, घरी काही सांगायचं म्हणत होता का? ते एकट्या तुलाच माहीत आहे. पोलिसांनी वेग सांगितला, डॉक्टरांनी वेळ सांगितली, वकिलांनी बाकीचं सगळं सांगितलं. हे कोणीच सांगितलं नाही. तुला बोलू दिलं नाही. आणि ती सहा वर्षं तेवढ्यासाठी अर्जाची वाट बघत होती, बाळा. अर्ज आला तर सुनावणी होते, आणि सुनावणी झाली तर तिला तुला विचारता येतं, एवढाच तिचा हिशोब.

आम्ही इथलं आवरतोय. एप्रिलअखेर व्हिसा रद्द करून जाऊ. नोमान म्हणतो अजून एक वर्ष थांबा, पण बाबांना आता शिडीवर चढून मापं घेता येत नाहीत, आणि तू इथे यायचा नाहीस हे आम्ही शेवटी मान्य केलंय. साताऱ्यात दोन खोल्या पाहिल्यात, भाड्याच्या. आठ वर्षांनी येशील किंवा आधी येशील, कुठे जायचं हे तुला माहीत असलं म्हणजे झालं. हव्वाबी तुझ्यासाठी पडदे शिवतेय. मी म्हटलं, त्याच्या खोलीला खिडकी किती मोठी आहे तेही अजून माहीत नाही. ती म्हणाली, मोठेच शिवते, कापता येतात.

सुनावणीच्या दिवशी समोर तिघं बसलेले असतील. तुझ्या वकिलाने सांगितलं असेल, त्यांच्याकडे बघून बोल, नम्र राहा, पश्चात्ताप दाखव. साहेब नाहीच म्हणणार आहेत, ते त्यांनी जाहिरातीतच सांगितलंय. तेव्हा त्यांच्याकडे बघायची काही गरज नाही. परेशची आई जिथे बसली असेल तिकडे तोंड कर. मराठीतच बोल. आणि तो काय बोलत होता ते सगळं सांग, जसंच्या तसं, हसत होता तर हसत होता म्हण. आत्तापासून आठवून ठेव.

जेवलास का?

आई